चाळीस हजारांत युनिटीसाठी पीसी अपग्रेड: आधी ग्राफिक्स कार्ड घ्यावं का? (नागपूर)

त्रिमूर्तीनगर_गेम्स

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून रात्री युनिटी ६ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये गेम बनवते. सध्याचा गेम लहान आहे: लो-पॉली थ्रीडी (कमी बहुभुजांची साधी मॉडेलं), यूआरपी (युनिटीची हलकी रेंडर पद्धत), मुख्यतः अँड्रॉइडसाठी, पुढे पीसीवरही आणायचा आहे. मॉडेलं ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर).

मशीन असं आहे: रायझन ५ २६००, बी४५०एम बोर्ड (रॅमचे चार स्लॉट, एम.२ स्लॉट एकच आणि तो रिकामा), ८+८ जीबी डीडीआर४ २६६६, जीटीएक्स १६५० ४ जीबी, विंडोज ११ साटाच्या २४० जीबी एसएसडीवर, सगळे प्रोजेक्ट १ टीबी हार्ड डिस्कवर, ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), ६०० व्हीएचा यूपीएस. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ.

त्रास तीन. स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलून एडिटरमध्ये परतलं की प्ले बटण दाबण्याजोगं व्हायला फार वेळ लागतो. पीसीवरून अँड्रॉइडवर प्लॅटफॉर्म बदलला की अर्धा-पाऊण तास गेलाच. आणि लाइट बेक (प्रकाश-सावल्या आधीच मोजून साठवणं) लावला की मशीन हातात राहत नाही.

बर्डीत (सीताबर्डी बाजारात) चौकशी केली. एका दुकानात म्हणाले ग्राफिक्स कार्ड बदला, सगळं सुटेल. दुसऱ्या दुकानात म्हणाले हा प्लॅटफॉर्म संपला, थेट एएम५ (एएमडीचं नवं सीपीयू सॉकेट) वर जा. बजेट ४० हजार. कशाला हात घालू?

फुटाळा_फ्रेम्स

ताई, अजून काहीच घेऊ नका, आधी मोजा. तुमच्या तीन त्रासांपैकी पहिल्या दोन्हींत ग्राफिक्स कार्डाला जवळपास काही कामच नसतं.

स्क्रिप्ट बदलल्यावर युनिटी आधी सी-शार्पचा कोड कंपाइल करतं आणि मग डोमेन रीलोड करतं. म्हणजे मेमरीतला सगळा सी-शार्पचा संसार मोडून पुन्हा मांडायचा: असेंब्ली (कंपाइल झालेल्या कोडचे गठ्ठे) परत लोड, स्टॅटिक व्हेरिएबल परत शून्यावर, एडिटरच्या सगळ्या खिडक्या आणि पॅकेजेस परत चालू. यातलं बहुतेक काम एकाच थ्रेडवर चालतं. म्हणून इथे कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगवान आहे ते महत्त्वाचं ठरतं.

टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडा. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा, म्हणजे बाराही थ्रेड वेगळे दिसतील. आता त्रासाची तिन्ही कामं एकेक करून करा आणि चार गोष्टी टिपा: एकच थ्रेड भरतोय की सगळे, हार्ड डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम किती, मेमरीखालचा 'कमिटेड' आकडा किती, जीपीयू किती टक्के. मेमरीचा 'इन यूज' पाहून फसू नका. रॅम कमी पडली की विंडोज पानं डिस्कवर ढकलतं आणि 'इन यूज' सभ्य दिसत राहतो. खरी मागणी कमिटेडमध्ये कळते.

शिवाय युनिटीचा एडिटर लॉग बघा (कन्सोल खिडकीच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून उघडतो). त्यात 'डोमेन रीलोड प्रोफायलिंग' शोधा. एकूण मिलीसेकंद आणि त्याखाली कुठल्या टप्प्याला किती, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

आणि पैसे न लागणाऱ्या गोष्टी आजच करा. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या एडिटर विभागात प्ले मोडमध्ये शिरतानाचा पर्याय आहे, तिथे डोमेन रीलोड बंद करता येतो. प्ले दाबल्यावरचा थांबा जवळपास जातो. पण मग स्टॅटिक व्हेरिएबल आणि स्टॅटिक इव्हेंट आपोआप साफ होत नाहीत. दुसऱ्यांदा प्ले केलं की स्कोअर मागच्या आकड्यापासून सुरू होतो, एकच इव्हेंट दोनदा वाजतो. 'रनटाइम इनिशियलाइझ ऑन लोड मेथड' हे अ‍ॅट्रिब्यूट 'सबसिस्टम रजिस्ट्रेशन' टप्प्यावर लावून असे स्टॅटिक हाताने शून्यावर आणा, मगच हा पर्याय वापरा. कोड बदलल्यानंतरचा रीलोड मात्र याने टळत नाही. तिथे कंपाइलचा भाग असेंब्ली डेफिनिशनने कमी होतो: विकत घेतलेली असेट्स आणि सहसा न बदलणारा कोड वेगळ्या असेंब्लीत टाका.

विंडोज डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये प्रोजेक्टचा फोल्डर घाला. इम्पोर्टच्या वेळी हजारो बारक्या फायली लिहिल्या जातात आणि डिफेंडर प्रत्येक फाइल उघडून बघतो. बाहेरून आणलेली झिप मात्र आधी दुसरीकडे तपासा, मगच या फोल्डरात टाका.

त्रिमूर्तीनगर_गेम्स

धन्यवाद दादा. मोजलं. प्रोजेक्टसोबत ब्लेंडर आणि ब्राउझर उघडे होते, रोज असतात तसेच.

कोड बदलल्यावर डोमेन रीलोड सुमारे १४ सेकंद. एक थ्रेड भरलेला, बाकी निवांत, हार्ड डिस्क अधूनमधून १०० टक्के. कमिटेड २३ जीबी. प्लॅटफॉर्म बदलताना हार्ड डिस्क सतत १०० टक्के आणि सीपीयू जेमतेम ३५. आयएल२सीपीपी बिल्डला (सी-शार्पचा कोड सी++ मध्ये बदलून केलेलं बिल्ड) बाराही थ्रेड भरलेले. जीपीयू या कशातच २५ टक्क्यांच्या वर गेला नाही. लाइट बेकला मात्र कन्सोलमध्ये इशारा येतो की जीपीयूची मेमरी पुरली नाही म्हणून सीपीयूवर बेक करतोय.

जुनी_शुक्रवारी

मग पहिला खर्च ठरला: एनव्हीएमई एसएसडी (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान ड्राइव्ह). प्लॅटफॉर्म बदलताना सीपीयू ३५ टक्क्यांवर बसलाय, कारण त्याला हार्ड डिस्ककडून फायलीच वेळेवर मिळत नाहीत. युनिटीचा लायब्ररी फोल्डर (इम्पोर्ट केलेल्या असेटचा कॅशे) म्हणजे बारक्या फायलींचा ढीग. हार्ड डिस्कचं हेड सेकंदाला शे-दीडशे उड्या मारतं, एसएसडी अशा हजारो विनंत्या सहज झेलते. इथे जो फरक पडेल तो दुसऱ्या कुठल्याच पार्टने पडणार नाही.

घेताना एवढं बघा. बी४५० चा एम.२ स्लॉट पीसीआयई ३.० चा आहे, त्यामुळे जेन ४ ची ड्राइव्ह लावली तरी वेग ३५०० एमबीच्या आसपासच थांबेल. जेन ३ आणि जेन ४ चा भाव सारखाच असेल तर जेन ४ घ्या, नाहीतर जेन ३ पुरे. क्यूएलसी टाळून टीएलसी घ्या (दोन्ही एसएसडीतल्या मेमरीचे प्रकार). स्वस्तातल्या क्यूएलसी ड्राइव्हचा कॅशे भरला की मोठ्या इम्पोर्टच्या मध्यावर लिहिण्याचा वेग कोसळतो, कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली. १ टीबी घ्या आणि १५-२० टक्के जागा कायम रिकामी ठेवा.

बोर्डाचं मॅन्युअल उघडून एम.२ च्या पानावरची तळटीप वाचा. काही बोर्डांवर एम.२ भरला की साटाचं एखाददुसरं पोर्ट बंद होतं. ड्राइव्ह लावल्यावर जुनी डिस्क 'मेली' असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळेच. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की दिसते. एम.२ चा तो बारका स्क्रू आणि त्याखालचा स्टँडऑफ बोर्डाच्या डब्यात असतो. सापडत नसेल तर ड्राइव्ह घेतानाच दुकानातून मागून घ्या. चिकटपट्टीने ड्राइव्ह दाबून ठेवू नका, गरम झाली की पट्टी सुटते.

प्रोजेक्ट हलवताना युनिटी आणि युनिटी हब दोन्ही बंद करा. असेट्स, पॅकेजेस आणि प्रोजेक्ट सेटिंग्ज हे तीनच फोल्डर नव्या ड्राइव्हवर न्या. लायब्ररी, टेम्प, लॉग्ज राहू द्या, नव्या जागी उघडल्यावर युनिटी ते नव्याने बनवतं. पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल, तो लागू द्या. ग्रेडलचा (अँड्रॉइड बिल्ड करणारं साधन) कॅशे तुमच्या सी ड्राइव्हवर यूझर फोल्डरात वाढत बसलेला असणार, तोही हलवा. २४० जीबी त्यानेच भरते.

आता रॅम. १६ जीबीवर कमिटेड २३ म्हणजे ओझं उघडउघड पेजफाइलवर (रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेवर) चाललंय. ३२ जीबी करा. दोन रस्ते आहेत. १६+१६ चा ३२०० चा एकच किट घेणं सगळ्यात निर्धास्त. तो सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. २६०० ची अधिकृत मर्यादा २९३३ आहे. ३२०० वर बूट झालं नाही तर २९३३ लावा, रॅम खराब आहे असं समजू नका. दुसरा रस्ता, तुमच्या आहे त्या किटसारखाच आणखी एक ८+८. स्वस्त पडतो, पण चार काड्यांचा भार मेमरी कंट्रोलरवर येतो आणि २६६६ च्या वर जायची आशा सोडावी लागते. रॅमचे भाव हल्ली आठवड्याआठवड्याला हलतात, तेव्हा दोन्हींचा भाव एकाच दिवशी विचारा.

कुठलाही रस्ता घ्या, रॅम बदलल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही एरर चालणार नाही. गेम खेळणाऱ्याला खराब रॅमने क्रॅश दिसतो. आपल्याकडे ती गुपचूप असेट बिघडवते आणि बिल्ड का मोडतंय याचा शोध कोडमध्ये चालतो.

३२ जीबी झाल्यावर प्रोजेक्ट सेटिंग्जच्या एडिटर विभागात 'पॅरलल इम्पोर्ट' चालू करा. प्रत्येक वर्कर स्वतःची मेमरी खातो, म्हणून १६ वर ते करू नका.

फुटाळा_फ्रेम्स

शुक्रवारी भाऊंशी सहमत. त्यानंतरचा नंबर सीपीयूचा, आणि त्यासाठी एएम५ वर जायची गरज नाही. तिकडे गेलात तर बोर्ड, डीडीआर५ आणि सीपीयू एकदम घ्यावे लागतील. बजेट तिथेच संपेल आणि प्रोजेक्ट हार्ड डिस्कवरच राहतील.

याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स बसतो. २६०० झेन प्लसचा आहे, हे दोन्ही झेन ३ चे, म्हणजे मध्ये दोन पिढ्यांची उडी. एएमडीच्याच दाव्याप्रमाणे त्याच क्लॉकवर झेन २ ने १५ आणि झेन ३ ने आणखी १९ टक्के वाढ दिली, शिवाय क्लॉकही ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर जातो. तुमच्या एका थ्रेडवर अडलेल्या रीलोडला नेमकं हेच लागतं. ५७००एक्स आठ कोअरचा आहे, त्याचा फायदा आयएल२सीपीपी बिल्ड आणि टेक्स्चर कॉम्प्रेशनला होईल, रीलोडला फारसा नाही. त्याच्या डब्यात कूलर येत नाही हा खर्च धरा. ५६०० सोबत येतो.

दुकानात डब्यावरचं अक्षर नीट वाचा. ५५०० आणि ५६००जी स्वस्त पडतात म्हणून पुढे केले जातात, पण त्यांत एल३ कॅशे (सीपीयूतली झटपट मेमरी) १६ एमबीच असतो. ५६०० मध्ये ३२ आहे. आणि साध्या बी४५०एम बोर्डावर १०५ वॅटचा सीपीयू नको, त्याचे व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणारे बोर्डावरचे भाग) उन्हाळ्यात तापतात. ६५ वॅटपर्यंतच राहा.

क्रम चुकला तर अडचण होते, म्हणून सविस्तर लिहितो. आधी बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन बघा. ते पीसीबीवरच छापलेलं असतं. कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टच्या यादीत ५६०० शोधा आणि कुठल्या बायोसपासून चालतो ते टिपा. जुना २६०० बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करा. मधली एखादी आवृत्ती आधी टाकायला सांगितली असेल तर ती वगळू नका. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, पीसी यूपीएसवर हवा. सुरू करण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. नवा सीपीयू लागला की बोर्ड एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या की जपणारी सुरक्षा सोय) रीसेट करायचं का विचारतो. हो म्हटल्यावर विंडोज की मागतं, आणि तेव्हा ती शोधायची सोय नसते.

आता कूलर काढणं. एएम४ च्या सीपीयूला खाली पिना असतात आणि सॉकेटची पकड ढिली. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर सीपीयूही लॉक असतानाच उपसून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं एखादं बिल्ड चालवून सीपीयू गरम करा, मग बंद करून प्लग काढा. चारही स्क्रू थोडे थोडे, तिरप्या जोडीने सैल करा. कूलर जागच्या जागी डावी-उजवीकडे हलका पिळा. चिकटपणा सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. स्क्रूवाला कूलर असेल तर बोर्डामागची पट्टी सुटी होते, तिला मागून हात द्या. काम संपल्यावर एक्सएमपी पुन्हा चालू करा, बायोस अपडेटमध्ये तो बंद झालेला असतो.

गोरेवाडा_रेंडर

सगळे कार्डाला शेवटी टाकताय, पण लाइट बेकचा इशारा नजरेआड करू नका. तिथे ४ जीबी व्हीआरएएम (कार्डावरची मेमरी) खरोखर कमी पडतेय. युनिटीचा जीपीयू लाइटमॅपर मेमरी संपली की काम सीपीयूवर ढकलतो आणि तिथे वेळ कितीतरी पटींनी वाढतो. ब्लेंडरमध्ये सायकल्सने (त्याचं रेंडर इंजिन) रेंडर करत असाल तर आरटीएक्स कार्डावर ऑप्टिक्समुळे (एनव्हिडियाची रे-ट्रेसिंग सोय) मोठा फरक पडतो.

तरी कार्ड आजच घ्या असं म्हणत नाही. बेक करताना ब्लेंडर आणि ब्राउझर बंद करा, ते व्हीआरएएम धरून बसतात. लाइटमॅप (बेक केलेल्या प्रकाशाचं टेक्स्चर) रिझोल्यूशन ४० टेक्सेलवर (टेक्स्चरचे ठिपके) असेल तर मोबाइलच्या लो-पॉली गेमला १० ते १५ पुरतं. दगड, गवत, कुंड्या असल्या बारक्या वस्तूंना लाइटमॅपच देऊ नका, त्यांचं 'रिसीव्ह ग्लोबल इल्युमिनेशन' लाइट प्रोबवर (सीनमधल्या ठरावीक बिंदूंवर मोजलेला प्रकाश) ठेवा. लाइटमॅपचा आकार कमाल १०२४. एवढ्यावर ४ जीबीत बेक बसण्याची चांगली शक्यता आहे, आणि फोनवर गेमही हलका होईल.

पुढे कार्ड घ्याल तेव्हा ब्लेंडरसाठी आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीवाला प्रकार बघा (८ जीबीचाही आहे, त्याचा मेमरी बस अरुंद आहे, तो नको). १७० वॅट घेतो आणि एनव्हिडिया त्याला ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे तुमचा ४५० बदलावा लागेल. एसएमपीएस तसाच ठेवायचा असेल तर आरएक्स ६६०० १३२ वॅटचं आहे आणि एएमडी त्याला ४५० पुरेसा म्हणते, पण सायकल्समध्ये ते मागे पडतं. काहीही घेतलं तरी १६५० विकू नका. तुमचे खेळाडू याच वर्गातल्या कार्डांवर खेळणार आहेत. पीसी आवृत्ती १६५० वर ६० फ्रेम देत नसेल तर ते घरीच कळलेलं बरं.

अँड्रॉइडच्या रोजच्या टेस्टला आयएल२सीपीपीऐवजी मोनो (कोड सी++ मध्ये न बदलणारा पर्याय) निवडा, बिल्ड बरंच लवकर होतं. मात्र मोनोचं बिल्ड ३२ बिटचंच होतं, ते पिक्सेल ७ सारख्या फक्त ६४ बिटच्या फोनवर चालत नाही. प्ले स्टोअरवर टाकायचं बिल्ड आयएल२सीपीपीचंच करा, ऑगस्ट २०१९ पासून तिथे ६४ बिट सक्तीचं आहे.

खामला_वोल्ट

पार्टचं सगळं झालं, आता आपल्या गावचं ऊन आणि वीज. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात रात्रीही खोली ३५ च्या खाली येत नाही. सीपीयूचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत बिल्डला ७० दिसत असेल तर ४० च्या खोलीत तेच ८५ होतं, आणि ५६०० ची मर्यादा ९० आहे. तेव्हा हिवाळ्यात केलेल्या टेस्टवर समाधान मानू नका. पुढे एक फॅन आत, मागे एक बाहेर एवढं हवंच. समोरची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरा, नाहीतर बेअरिंग जातं.

एअर कूलरबद्दल नेहमी विचारतात. दमट हवेने चालू पीसीत पाणी साचत नाही, कारण आतले पार्ट हवेपेक्षा गरम असतात. धोका आहे तो तुषारांचा आणि क्षारांचा. टाकीत बोअरचं जड पाणी असेल तर हवेबरोबर उडणारे थेंब वाळून पांढरा थर सोडतात आणि त्यावर धूळ चिकटते. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, बाजूला ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या.

यूपीएस: ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॅट, तेही बॅटरी नवी असताना. आत्ताच्या कार्डाला चालेल. ३०६० घेतलंत तर १००० व्हीएच्या खाली नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना निम्मं होत जातं, म्हणून यूपीएस कॅबिनेटच्या गरम हवेत किंवा पलंगाखाली कोंडू नका. फक्त इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्या पाठीमागचा स्विच यूपीएस मोडवर हवा. एसएमपीएस विजेशिवाय १६-१७ मिलीसेकंद तग धरतो. नॉर्मल मोडमध्ये इन्व्हर्टर बदली व्हायला त्याहून जास्त वेळ घेतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का तेही बघा. येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. नवा पार्ट लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि गिट (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) रोज. वीज जाऊन लायब्ररी बिघडली तर डिलीट करून पुन्हा बनते. सीनची फाइल बिघडली तर गिटशिवाय इलाज नाही.

त्रिमूर्तीनगर_गेम्स

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे एनव्हीएमई, ३२ जीबी आणि ५६००, कार्ड नंतर. लाइटमॅप १२ टेक्सेलवर आणून बघितला, इशारा गेला आणि बेक जीपीयूवरच झाला! एक शंका: तिन्ही पार्ट एकाच दिवशी आणून लावले तर चालतील का?

जुनी_शुक्रवारी

आणा एकाच दिवशी, लावा एकेक करून. आधी एनव्हीएमई, प्रोजेक्ट हलवून दोन दिवस काम करा. मग रॅम आणि मेमटेस्ट. सीपीयू शेवटी, कारण बायोस अपडेटच्या वेळी रॅमबद्दल शंका नको. सगळं एकदम लावलं आणि बूट झालं नाही तर दोष कुणाचा ते शोधत बसावं लागतं. दुकानाची बदलून द्यायची मुदत घेतानाच विचारा आणि तेवढ्या दिवसांत तिन्ही लावून होतील असं बघा. जीएसटीच्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि सीपीयूचा डबा टाकू नका, वॉरंटीच्या वेळी त्यावरचा नंबर लागतो.